पारण्याची लापशी

पानबाईच्या जिभेला हाड नाही, असं अख्खं भडगाव म्हणायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दुकानाच्या ओट्यावर बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याची बिनपाण्यानं करायची. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, पोटी मूलबाळ नाही, दुकान पुतण्यांच्या हाती. कुणाची भीड बाळगायचं तिला कारणच नव्हतं. पण हीच बाई गिरणेकाठच्या पांजरपोळाच्या फाटकातून आत गेली की तिचा आवाज बदलायचा. म्हातारी, लंगडी, भाकड, धन्यानं टाकून दिलेली गुरं महाजनांनी तिथं सांभाळली होती. सकाळी जैनांच्या स्थानकात सामायिकाची उपासना झाली की पानबाई घरी न जाता आधी तिकडे जायची. एकेकाच्या गळ्याखाली खाजवायची, नावानं बोलायची.

सहासष्ट साली तिथली एक गाय अडली. गुरांचा डॉक्टर दौऱ्यावर. आज येईल, उद्या येईल, म्हणता म्हणता दोन दिवस गेले. गाय ओरडायचीही थांबली. पांजरपोळात शेणगोठा करणारा खेमा पावरा सातपुड्याच्या पायथ्याकडून मजुरीला आलेला. त्याचा मुलगा करमसिंग जळगावला वसतिगृहात राहून शिकत होता, सुट्टीत घरी आला होता. त्यानं सदरा काढला, खांद्यापर्यंत हाताला तेल चोपडलं आणि आडवं आलेलं वासरू वळवून बाहेर काढलं. गाय गेली, पण कालवड जगली. अंगावर ठिपके होते म्हणून पानबाईनं तिचं नाव कबरी ठेवलं.

"कुठं शिकलास रे हे?" तिनं विचारलं.

"शिकलो नाही, अक्का. पाड्यावर बकरी अडली की बाप करतो, ते बघितलं."

"मग शीक ना मेल्या! परवा हात घातला असतास तर आईपण वाचली असती."

पानबाईच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायला ब्रह्मदेव आला तरी नाही निघायचं. पांजरपोळाच्या बैठकीत ती म्हणाली, ह्या पोराला मुंबईला गुरांच्या डॉक्टरीला पाठवा. पांजरपोळाचे मुख्य रुपचंदजी पागोटं सावरत म्हणाले, "पानबाई, धर्मादा गवतासाठी आहे. माणसांची पोरं शिकवायला नाही."

"गवताचं दुसऱ्या दिवशी शेण होतं, रुपचंदजी. डॉक्टर चाळीस वर्षं पुरतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि हात मात्र कुणीच सैल केला नाही. तेव्हा तिनं पेटीत ठेवलेल्या सोन्याच्या पाटल्या काढून त्याच्या शिक्षणाला दिल्या. नवऱ्याची तेवढीच आठवण उरली होती. लोक म्हणाले, बाईला वेड लागलं, आदिवासी पावऱ्याच्या पोरावर सोनं उधळते. करमसिंग निघाला त्या दिवशी ती एस.टी.पर्यंत गेली. "तू डॉक्टर होऊन ये," ती म्हणाली. "तोवर कबरी आणि ही सगळी, बठ्ठी ढोरं माझी. एकही भुकेनं मरू देणार नाही. बोल दिला तुला."

आणि मग बहात्तर साल आलं.

दुष्काळाचं काय सांगावं! आधीची दोन वर्षं कोरडीच गेली होती, त्या वर्षी तर गिरणेच्या पात्रात पोरं धुळीत खेळत होती. माणसं अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खात होती. जनावरांना कोण विचारतो? सकाळी पांजरपोळाचं फाटक उघडलं की बाहेर नवी दोनचार गुरं बांधलेली असायची. धनी बांधून निघून गेलेला, मागे वळून न बघता. साठाची शंभर झाली. चारा म्हणजे उसाचं वाळकं पाचट आणि निंबाचा पाला, तोही एका वेळेला. पानबाई पदर पसरून दुकानादुकानांतून फिरली. पुतण्यांना लाज वाटायची, तिला नाही. जनावरांची हाडं मोजता येत होती, पण भादव्यापर्यंत तिनं एकही मरू दिलं नव्हतं. करमसिंगचं पत्र आलं, परीक्षा पास झालो, पर्युषण संपलं की, संवत्सरीनंतर येतो. तिनं ते पत्र कबरीच्या कानाशी वाचलं.

त्या पर्युषणात तिनं अठ्ठाई केली. आठ दिवस उकळलेल्या पाण्याखेरीज पोटात काही नाही. तपश्चर्येच्या घरी नातेवाईक साड्या आणतात, भांडी आणतात. पानबाईनं सगळ्यांना बजावलं, "मला चिंधी नको. गहू द्या, गूळ द्या, तूप द्या. माझ्या पारण्याला माझी ढोरं आधी जेवतील."

लोकांनी दिलं. खरंच दिलं. दुष्काळात माणसाचा हात एवढा मोकळा होतो हे बघून तिला रडू आलं. पारण्याच्या दिवशी पांजरपोळाच्या आवारात मोठमोठ्या कढया चढल्या. गुळाचा वास सुटला तशी गुरं दावी ताणायला लागली. गुराखी उखर्डू घमेली भरभरून लापशी वाटत होता. जनावरं नाक बुडवून खात होती, घमेली चाटून पुसून पुन्हा हंबरत होती, आणि पानबाई ओरडत होती, "वाढ रे उखर्डू! हात आखडू नको! आज पोटभर!" कबरीला तिनं स्वतःच्या हातानं भरवलं. दोन घमेली.

मग ती घरी आली. जाऊबाई वाटी घेऊन बसली होती. तिनं चमच्याचमच्यानं पानबाईला मुगाचं पाणी पाजलं. अठ्ठाईचं पारणं असंच सोडतात.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला उखर्डू धावत आला. त्याच्या तोंडाला फेस आला होता. "अक्का, बठ्ठा ढोरं पडी ग्यात वं माय!"

पानबाई अनवाणी धावली. आवारभर गुरं आडवी झाली होती. काही कण्हत होती, दात खात होती. काहींच्या मागून पातळ पाण्यासारखं वाहत होतं, आंबट घाण वास सुटला होता. दहाबारा तर केव्हाच थंड पडली होती. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. कुणी म्हणालं, साथ आली. रुपचंदजी नाकाला उपरणं लावून फाटकातच उभे राहिले. पानबाई कबरीपाशी बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडानं एकच धोशा लावला, "करमसिंग येईल गं. आज येईल. धीर धर."

आणि तो आलाच. दुपारच्या पाचोऱ्याच्या गाडीनं. हातात नवी बॅग. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तिथंच थबकला. मग बॅग ठेवून कबरीजवळ बसला, डाव्या कुशीवर हात दाबून धरला, नळी लावून ऐकलं. पोट गप्प होतं. हलत नव्हतं.

"अक्का, काल काय चारलं?"

"लापशी," ती म्हणाली. "गव्हाची. गूळ-तूप घालून. चांगली पोटभर. का रे?"

तो उठला, उखर्डूला बाजारात पिटाळलं, मिळेल तेवढा खायचा सोडा आणायला लावला. पाण्यात सोडा कालवून बांबूच्या नळीनं तो एकेका जनावराला पाजत सुटला. खेमा जबडे धरत होता. पण एकाला पाजेपर्यंत दुसरं मान टाकायचं. एवढ्या वर्षांची विद्या आणि हातात काय, तर सोडा आणि बांबू! दिवस कलला तेव्हा तो परत कबरीजवळ आला. तिचे डोळे आत गेले होते.

"काय झालं हिला? मला सांग," पानबाई म्हणाली. "खोटं सांगू नको."

करमसिंगनं सोड्याची बादली खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाला, "अक्का, काल पारण्याला तुम्ही काय घेतलं?"

"मुगाचं पाणी."

"लापशी का नाही खाल्ली?"

"अरे वेड्या, आठ दिवसांच्या उपाशी पोटी लापशी खाल्ली तर माणूस म..."

 तिनं हात तोंडावर दाबला.

"हे मला दुसऱ्या वर्षीच शिकवलं होतं," करमसिंग म्हणाला. "उपाशी गुराला एकदम धान्य द्यायचं नाही. इतकी पत्रं लिहिली तुम्हाला. समुद्राचं लिहिलं, बोर्डिंगच्या जेवणाचं लिहिलं. हे नाही लिहिलं, अक्का."

"मी तरी कुठं विचारलं," ती म्हणाली. "पाटल्या दिल्या आणि विचारलं काहीच नाही."

तिच्या मांडीवर कबरीनं एक लांब श्वास सोडला. दुसरा आला नाही. पानबाईनं हंबरडा फोडला, असा की रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. मग फाटकातून रुपचंदजी आत आले. लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "डॉक्टरसाहेब, साथच ना ही? साथ आली म्हणून लिहा. गावानं एवढा धर्म केला, लोकांचं मन मोडायला नको."

करमसिंगनं पानबाईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो हो म्हणणार होता. तिच्यासाठी म्हणणार होता.

पानबाईनं कबरीचं डोकं हलकेच जमिनीवर टेकवलं.

"साथबीथ काही नाही, रुपचंदजी," ती म्हणाली. "माझं पुण्य खाऊन मेली ती. तसंच लिही रे करमसिंग, आणि गावोगाव सांग."

मग तिनं पदर खोचला, सोड्याची बादली उचलली आणि पुढच्या गाईचा जबडा धरायला वाकली.