ओल्या गोणपाटातली फोटोंची वही

लग्नानंतर माझी पाठवणी करताना आईनं ट्रंकेत सगळ्यात खाली, मलमलीच्या फडक्यात गुंडाळून, वडिलांचा फोटो ठेवला. "इतक्या लांब एकटी जाऊ नकोस. ह्यांना बरोबर ने," म्हणाली. वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि त्यांचा जगात तेवढा एकच फोटो होता. कधीतरी ते कोल्हापूरला देवीला गेले होते, तिथे कुणीतरी त्यांना रंगवलेल्या पडद्यापुढे उभं केलं होतं. डोक्याला काळी टोपी, हातात मिटलेली छत्री, आणि चेहरा असा की आता कुणीतरी रागावणार आहे आणि त्यांनी काही केलेलं नाही.

त्या चेहऱ्यावर मी गेले आहे. माझा जीव तसा लहानपणापासून घाबरा. शिक्षण चौथीपर्यंत. पुढची शाळा खाडीपलीकडे होती, आणि वडील गेल्यावर मला तरीच्या होडीतून पलीकडे नेऊन सोडणारं कुणी उरलं नाही. मग लग्न झालं, आमच्या ह्यांची रेल्वेत नोकरी, आणि बदली दरेकशाला. कोकणातल्या माणसानं नावही ऐकलेलं नसतं. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. गोंदियाहून पुढे गाडी डोंगरात शिरायची, आणि त्या जंगलात आमचं लहानसं स्टेशन आणि त्याला लागून क्वार्टर. बोगद्याकडून मालगाडी आली की फळीवरची भांडी वाजायची आणि मी पहिलं वर्षभर दर वेळी दचकायची.

दचकून बाहेर आले की मागच्या पडवीतून हाक यायची, "काऊन वं बाई, गाडीच तं होय! घरात थोडीच येऊन राहिली?"

ही शेजारची मावशी. तिचा नवरा रुळांवर गँगमध्ये होता आणि ती दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. मी तिला मावशी म्हणायची, ती मला बाई म्हणायची आणि अरेतुरे करायची. सुरुवातीला मला ते बोलणं टोचायचं. आमच्याकडे कुणी इतकं तोंडावर बोलत नाही, पाठीमागे बोलतात. पण बाळंतपणात आई येऊ शकली नाही, तेव्हा ह्याच बाईनं मला उठवलं, बसवलं, मुलाला तेल लावलं. तेव्हापासून तिचं बोलणं टोचायचं थांबलं.

मुलगा वर्षाचा होत आला तेव्हा भावाचं लग्न ठरल्याचं आईनं कुणाकडून तरी लिहून कळवलं. दिवाळीनंतरचा मुहूर्त होता. खाली एवढंच: येताना ह्यांना घेऊन ये. वडिलांचा फोटो पाटावर ठेवून, त्यांना नमस्कार करूनच नवरा मुलगा बोहल्यावर जाईल, असं तिच्या मनात होतं.

मला वाटलं, फडक्यातला सुटा फोटो तसाच काय न्यायचा? फोटोंची वही करावी. पहिल्या पानावर वडील, पुढे आमचे फोटो. आईनं आमचं घर पाहिलं नव्हतं, नातूही पाहिला नव्हता. निदान वहीत तरी पाहील.

मुलाचा फोटो काढायला आम्ही पॅसेंजरनं गोंदियाला गेलो. फोटोवाला हिंदी बोलायचा. "भाभीजी, बच्चे को हिलने मत दीजिए," असं तो म्हणाला रे म्हणाला की आमचं पोर हलायचं. शेवटी ह्यांनी गार्डसारखी शिट्टी वाजवली, मुलगा गप्प झाला, तेवढ्यात फोटो निघाला. फोटो घ्यायला गेलो तेव्हा दुकानाच्या कोपऱ्यात काळ्या कागदांचा गठ्ठा दिसला. फोटोचे कोरे कागद ज्या काळ्या कागदात गुंडाळून येतात ते हे. मी ह्यांच्या कानात सांगितलं, ह्यांनी विचारलं. फोटोवाला हसला. "ले जाइए, हमारे किस काम के."

त्या कागदांची मी वही केली. कागद सारखे कापले, दाभणानं भोकं पाडली, जाड दोऱ्यानं शिवलं. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा दोन्ही बाजूंना लावला आणि त्यावर ह्यांच्या जुन्या पांढऱ्या विजारीचं कापड ताणून बसवलं. हे बघत होते. म्हणाले, "म्हणजे सासऱ्यांना जावयाच्या विजारीत बसवणार?"

"पाठचा भाग घेतलेला नाही," मी म्हटलं.

काळ्या कागदावर शाई दिसेना, म्हणून पानाचा चुना पातळ केला आणि काडीनं फोटोखाली अक्षरं काढली. अक्षर माझं वाईट. पण चुन्यानं लिहिलेलं अक्षर वाईट आहे की चुना वाईट आहे हे कुणाला कळत नाही, हा मोठा फायदा.

आजोबा-नातवाची या जन्मी गाठ पडली नव्हती, म्हणून त्यांना समोरासमोर बसवायचं ठरवलं. डाव्या पानावर वडील, उजव्या पानावर मुलगा. फोटो तांदळाच्या खळीनं चिकटवले. आणि तिथेच घोळ झाला.

मुलाचा फोटो नवा, चकचकीत होता. त्याच्यासमोर वडील फार मळकट, निस्तेज दिसायला लागले. मला वाईट वाटलं. आमच्याकडे धोतराला, साडीला भाताच्या पेजेची खळ देतात. विटलेलं कापडही त्यानं ताठ होतं, त्याला तजेला येतो. मला वाटलं, फोटोवाला तरी चकाकी दुसरी कशानं आणत असणार? पेज गाळली, मऊ चिंधीनं वडिलांच्या फोटोवर एक पातळ हात दिला. खरंच चकाकले! टोपीसुद्धा नवी दिसायला लागली. मग मुलाच्या फोटोलाही दिला, एकाला दिला आणि एकाला नाही असं नको म्हणून.

भादव्याचे दिवस होते. हवेत इतकी ओल की मीठसुद्धा पाणी सोडायचं. वहीची पानं कडेनं वर वळायला लागली. हे ड्युटीवरून आले, त्यांनी ते पाहिलं आणि मदत म्हणून वही मिटून वर पाटा ठेवला. "बघ उद्या कशी सपाट होते," म्हणाले. मलाही पटलं.

दुसऱ्या दिवशी पाटा उचलला. वही सपाट झाली होती. बाकीची पानं सुटली, पण पहिली दोन सुटेनात. मी एका टोकाला नख घातलं, तर आतून चर्र असा बारीक आवाज आला. मी हात काढून घेतला. वडील आणि मुलगा समोरासमोर चिकटून एक झाले होते. ओढलं तर कुणाचा तरी चेहरा जाणार. मुलाचा पुन्हा काढता आला असता. वडिलांचा कुठून आणणार?

मी ओक्साबोक्शी रडायला लागले. मावशी सूप टाकून धावत आली.

"का झालं? कोन मेलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं आणि वही दाखवली. सगळं सांगितलं. तिनं वही हातात घेतली, कडेनं वास घेतला.

"आजा होय ना हा पोराचा? मंग नातवाचा मुका घेऊन राहिला. घेऊ दे ना, तू काऊन रडून राहिली?"

मी रडता रडता हसले आणि मग जास्तच रडले. हे दारात उभे होते, चेहरा उतरलेला. "पाटा मी ठेवला," म्हणाले. "पेज मी लावली," मी म्हटलं. मावशी आमच्याकडे आळीपाळीनं बघत म्हणाली, "वाटून घ्या मंग."

दुपारच्या गाडीनं हे गोंदियाला गेले, फोटोवाल्याला विचारायला. संध्याकाळी आले ते निरोप घेऊन. फोटो पाण्यातच धुऊन तयार होतात, म्हणून सगळं पाण्यात बुडवून ठेवा, सुटेल. पण फोटो फार जुना आहे, वरचा थर पाण्यात फुगून सुटूही शकतो, तेव्हा जबाबदारी माझी नाही, असंही तो म्हणाला होता.

मी घमेल्यात पाणी भरलं. वही हातात घेतली. पाण्यापर्यंत नेली आणि माझे हात पुढे जाईनात. माझे वडील गेले ते खाडीतच. तरीची होडी उलटली होती. त्यांना मी पुन्हा पाण्यात कशी घालणार होते? हे मी कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. नुसती घमेल्याशी बसून राहिले.

मावशीनं कुंपणावरून पाहिलं आणि आत आली. तिनं घमेलं उचललं आणि पाणी भोपळ्याच्या वेलाला ओतून दिलं.

"पान्यात कायले बुडवतं? मले फोटूचं काई समजत नाई. विडीच्या पानाचं समजते. पान वाळलं असलं आन वढलं, का फाटते. पान्यात ठेवलं, का सडते. वल्ल्या फडक्यात गुंडाळलं, का सकाळी लोण्यावानी होते. मंग कसंबी वळव."

तिच्या पडवीत ते मी रोज बघत होते. टेंभुर्णीची वाळकी पानं ती ओल्या गोणपाटात बांधून ठेवायची आणि सकाळी तीच पानं कात्रीखाली मऊ होऊन बसायची.

"पण हे टेंभुर्णीचं पान नाही, मावशी," मी म्हटलं.

"नाई तं नाई. मंग तू सांग, का करतं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "तू म्हणशील तसं." त्या वेळी मला त्यांचा राग आला, कारण मला कुणीतरी ठरवून द्यायला हवं होतं. मग मीच वहीचा दोरा कापला, दोन पानांची ती चिकटलेली जोडी वेगळी केली आणि मावशीच्या हातात दिली.

तिनं गोणपाट भिजवलं, पिळलं, पुन्हा पिळलं. तंबाखूचा वास लागू नये म्हणून आधी माझ्या धुतलेल्या लुगड्याचा तुकडा ओलसर करून आत घेतला. फोटो त्यात ठेवले, वरून गोणपाट, आणि ते गाठोडं आपल्या पानांच्या गाठोड्याशेजारी ठेवलं. "याच्यावर पाटा ठेवजो नोको, बाबू," असं ह्यांना बजावून गेली. हे स्टेशनात सगळ्यांवर हुकूम चालवायचे. इथे मान खाली घालून "नाही, नाही" म्हणाले.

सकाळी मी तिच्या पडवीत जाऊन बसले. तिनं आधी आपली पानं सोडली, चाचपली. मग आमचं गाठोडं. कागद ढिला पडला होता. विड्यांची तोंडं दुमडून दुमडून तिच्या अंगठ्याचं नख चपटं आणि गुळगुळीत झालेलं होतं. ते नख तिनं दोन पानांच्या मधे घातलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू घरी जाय. भात मांड चुलीवर. तुह्या हाताले पाहून माहा हात कापते."

"मी बघणार नाही, पण इथेच बसते."

"मंग तोंड तिकडं कर."

मी भोपळ्याच्या वेलाकडे तोंड केलं. मागे तिचं बोलणं सुरू झालं. सून कशी आहे, भाजीत मीठ कसं जास्त घालते, सांगितलं तर तोंड कसं फुगवते. सुनेची गाऱ्हाणी ती मला नेहमीच सांगायची, पण त्या दिवशी तिचा आवाज अगदी हळू होता, मुलाला झोपवताना काढतात तसा. मधेच ती गप्प झाली. मी डोळे मिटले. वाटलं, गेले. आता आईसमोर काय तोंड घेऊन उभी राहू?

"पाय इकडं," ती म्हणाली. मी वळून पाहिलं.

तिच्या डाव्या गुडघ्यावर वडील होते, उजव्यावर माझा मुलगा. वडिलांचा चेहरा तसाच, घाबरलेला, पूर्ण. छत्री होती. हात होते. वरची पेज पांढुरकी पोपडी होऊन निघाली होती आणि खाली ते पहिल्यासारखे मळकट झाले होते. इतकं मळकट काही मला कधी इतकं छान दिसलं नव्हतं. फक्त काळ्या टोपीचा, कडेचा, तिळाएवढा कपचा उडाला होता. तो मुलाच्या गालावर जाऊन बसला होता.

मी मावशीच्या पाया पडायला वाकले तर तिनं मला ढकललं. "वल्ले हात लावजो नोको! आधी सावलीत वाळू दे त्याहिले."

सावलीत वाळवले. वही पुन्हा शिवली. या वेळी वडिलांना एकट्याला पान दिलं आणि समोरचं पान कोरं ठेवलं, मधे पातळ पतंगी कागद. मुलाला पुढच्या पानावर.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. सगळ्या प्रवासात वही माझ्या मांडीवर होती. हे म्हणाले, मुलाला दे आणि वही मी धरतो. मी म्हटलं, मुलाला धरा.

लग्नाच्या सकाळी आईनं पाट मांडला, खाली रांगोळी काढली आणि वही पहिल्या पानाशी उघडून भिंतीला टेकवून ठेवली. भावानं नमस्कार केला, अक्षता वाहिल्या. आई फोटोकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मी तिच्याकडे बघत होते. तिला टोपीचा उडालेला कपचा दिसला की नाही, कळलं नाही. मग तिनं पान उलटलं, नातवाचा फोटो डोळ्यांजवळ नेला आणि माझ्याकडे वळून म्हणाली,

"फोटोतसुद्धा तीट लावायला विसरली नाहीस हो! बरं केलंस. गोरा आहे, दृष्ट लागेल."

मी तिला सगळं सांगितलं. पेज, पाटा, घमेलं, गोणपाट. घमेल्याचं सांगत होते तेव्हा तिनं माझा हात धरला. सांगून झाल्यावर तिनं पुन्हा फोटो पाहिला.

"म्हणजे ही तीट ह्यांनी लावली," एवढंच म्हणाली आणि वऱ्हाडाच्या चहाचं बघायला गेली.

मला वाटलं होतं ती वही आता ठेवून घेईल. निघताना मीच तिच्या हातात दिली. तिनं ती परत माझ्या ट्रंकेत, सगळ्यात खाली ठेवली. वर आमसुलांची पुडी ठेवली. "ही त्या बाईला दे. आणि ह्यांना परत ने. तिथे नातू आहे."

दरेकशाला उतरलो तेव्हा मावशी पडवीत विड्या वळत होती. ट्रंक उघडून मी वही बाहेर काढली, तशी लांबूनच तिनं पाहिलं.

"आला का म्हातारा परत? मले वाटलं, रायला तिकडंच."

मी तिला आमसुलं दिली. तिनं एक तोंडात टाकलं आणि तिचं तोंड असं वाकडं झालं की मुलगा खिदळायला लागला. तेवढ्यात बोगद्याकडून मालगाडी आली, फळीवरची भांडी वाजली. वही घेऊन मी आत गेले, ती ठेवायला कोरडी जागा शोधायला.