मागच्या चाकांतली हवा

दाजींनी माझी गाडी पाटाच्या वळणावर उसात घातली, याचं मला फार वाईट वाटलं नाही. गाडी दुरुस्त होते. त्यानंतर ते जे बोलले ते मात्र लागलं, आणि याची परतफेड करायची हे मी तिथंच, त्या आडव्या झालेल्या उसात उभं राहून ठरवलं.

मी संगमनेरात ड्रायव्हिंग स्कूल चालवते. शिकायला बहुतेक बायकाच येतात. नवऱ्याकडून शिकताना रडकुंडीला आलेल्या. मी लग्न केलं नाही. हौस म्हणाल तर एकच, जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार. अधूनमधून ती घेऊन मी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर जाते. तिथं सरळ रेषेतल्या शर्यती होतात. त्यासाठी माझ्या गाडीच्या मागच्या चाकांना ड्रॅग रेडियल टायर आहेत. हे टायर मऊ रबराचे असतात आणि त्यांच्या बाजूच्या भिंतीही मऊ असतात. हवा चौदा-पंधरा पौंडांपर्यंत उतरवली की टायर जमिनीवर पसरतो, रस्ता घट्ट धरतो आणि गाडी जागेवरून सुटते. पण ही हवा फक्त सरळ जाण्यासाठी. त्याच हवेवर वळण घेतलं तर पुढची चाकं लगेच वळतात, मागचा भाग मात्र उसानं भरलेल्या ट्रॉलीसारखा डुलत डुलत येतो आणि एखाद्या वेळी येतच नाही, बाहेरच फेकला जातो. म्हणून शर्यत संपली की मी आधी पंप काढते, मागची हवा अठ्ठावीसवर आणते आणि मगच रस्त्याला लागते. यात मी कधी आळस केलेला नाही.

त्या दिवशीही केला नव्हता. परतताना मी देवळाली प्रवऱ्याला ताईकडे थांबले. ताई माझ्याहून मोठी. दाजींचे ट्रॅक्टर आणि ट्रक ऊस वाहतात, आणि आपल्यासारखा ड्रायव्हर तालुक्यात नाही असं ते स्वतःच सांगतात. जेवताना त्यांनी टायरची सगळी माहिती विचारून घेतली. हवा कमी का करतात, चाकं जागेवर गरगर फिरवून रबराचा धूर कसा काढतात, सगळं. मी आपली हौसेनं सांगत बसले. मुक्काम तिथंच केला.

सकाळी मी अंघोळीला गेले तेवढ्यात दाजी खुंटीवरची किल्ली घेऊन गाडीसकट बाहेर पडले. मला विचारलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं कुणीतरी सांगत आलं की गाडी पाटाच्या वळणावर उसात गेली. दाजींना खरचटलंही नव्हतं. ते बांधावर बसून चहा पीत होते, आणि भोवती त्यांचे दोन-तीन दोस्त आणि निम्मी आळी जमली होती.

मला बघताच ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मेव्हणीबाई, लोकांना गाडी शिकवता आन् सोताच्या चाकात हवा न्हाई. मागनं गाडी गेली ना वाहून. मी होतो म्हनून वाचलो."

मी हवा मोजली. मागची दोन्ही चाकं शाबूत होती आणि दोन्हींत बरोबर चौदा. अपघातात हवा गेली तर एका चाकाची जाते, नाहीतर सगळी जाते. दोन्हींत सारखी चौदा उरत नाही. आत वाकून बघितलं तर व्हॉल्व्हच्या दोन टोप्या गिअरशेजारच्या खाचेत नीट ठेवलेल्या. रस्त्यावर रबर जळाल्याचे काळे पट्टेही होते, वळणाच्या अलीकडे. म्हणजे दाजींनी हवा सोडली, दोस्तांना धूर काढून दाखवला आणि त्याच हवेवर वळणात शिरले.

घरी आल्यावर मी टोप्या ताईला दाखवल्या. ती टोप्यांकडे न बघता म्हणाली, "टोप्या कुठंही पडतात. माणूस वाचला ना? सोड आता."

दाजींनी मात्र सोडलं नाही. त्यांची माणसं श्रीरामपूरपासून संगमनेरपर्यंत पसरलेली. लग्नात, दहाव्याला, दूध डेअरीच्या ओट्यावर, जिथं जातील तिथं त्यांनी ही गोष्ट रंगवून सांगितली. पुढं पुढं तर मी त्यांना मारायलाच निघाले होते असंही त्यात आलं. माझ्याकडे शिकणाऱ्या दोघीतिघी यायच्या बंद झाल्या. एकीच्या सासऱ्यांनी फोनवर स्पष्टच विचारलं, "म्याडम, तुमच्याच गाडीत हवा नव्हती म्हनं?" टोप्या सापडल्या होत्या असं सांगू?

मी गाडीचा पुढचा भाग नवा बसवून घेतला. टायर तेच ठेवले. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत कमी हवेवर गाडी वळवायचा सराव सुरू केला. ती कुठल्या क्षणी मागून सुटते, सुटल्यावर किती स्टिअरिंग उलटं द्यायचं की ती परत हातात येते, हे अंगवळणी पडेपर्यंत. शर्यतीसाठी हे काही लागत नाही. हे दाजींसाठी होतं. रोज गाडीतून उतरताना मला त्यांचा चेहरा दिसायचा आणि बरं वाटायचं.

संधी आली ती दाजींच्या पुतणीच्या साखरपुड्यात. श्रीरामपूरच्या एका लॉन्सवर कार्यक्रम होता आणि मागं पार्किंगचं मोठं डांबरी मैदान होतं. जेवणं उरकून पाहुणे पांगले, घरची माणसं मागच्या व्हरांड्यात पान खात बसली. दाजी फेटा बांधून मध्यभागी. माझी गाडी बघून म्हणाले, "आज हवा बघून आनली ना?"

सगळे हसले. ताईसुद्धा.

मी म्हटलं, "बघून आणलीय. पण दाजी, त्या दिवशी मी धावपट्टीपासून तुमच्या दारापर्यंत चौदाच्या हवेवर आले, असंच ना तुमचं म्हणणं?"

"असंच. सगळ्यांला ठाव हाय."

"मग आज चौदाच ठेवू. तुम्ही स्वतः मोजा. माझ्या शेजारी बसा आणि मला दोन वळणं घेताना बघा. मी एवढ्या लांब आले असेन तर दोन वळणांचं काय."

नाही म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांचे थोरले भाऊ, चुलते, व्याही, सगळे बघत होते. मी हवा सोडली, त्यांच्या हातात गेज दिलं, त्यांनी मोजून "चौदा" म्हटलं. मैदानात कुणी उतरणार नाही अशी तंबी मी सगळ्यांना दिली, दाजींना पट्टा लावायला सांगितला आणि गाडी काढली.

पहिलं वळण सावकाश घेतलं. तरी गाडी मागून डुलली. दाजींचा हात दाराच्या मुठीवर गेला. दुसऱ्याला वेग दिला. पुढची चाकं वळली, मागचा भाग सुटला, मैदान आमच्या काचेपुढून आडवं सरकलं. मी स्टिअरिंग उलटं दिलं आणि गाडी सरळ केली.

"थांबवा," दाजी म्हणाले.

"मी अशीच आले म्हणता ना? सगळा रस्ता?"

"थांबवा म्हनतो ना."

मी पुन्हा वळवली. यावेळी गाडी पार फिरून आलो तिकडं तोंड करून उभी राहिली. रबराचा वास आत आला. दाजींचा फेटा मांडीवर पडला होता आणि ओठ पांढरे झाले होते.

"हवा कुणी सोडली?"

मी गिअर टाकला.

"मी सोडली," ते घाईनं म्हणाले. "दोस्तांला धूर दाखवायचा हुता. पुन्हा भरायची राहून गेली."

मी गाडी व्हरांड्यापुढं नेऊन उभी केली आणि त्यांच्या बाजूची काच खाली घेतली. "आता हेच तिकडं सांगा." दाजींनी मान खाली घालून तेच शब्द पुन्हा म्हटले. व्याही दुसरीकडे बघायला लागले. थोरल्या भावाला हसू आलं, ते त्यांनी रुमालात दाबलं. दाजी उतरले आणि तोंड धुवायला निघून गेले.

खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. पोटभर जेवल्यासारखं.

मी पंप लावून हवा भरत बसले होते. ताई गाडीत राहिलेला फेटा न्यायला आली.

"झालं समाधान?" तिनं विचारलं.

"तुला आता तरी पटलं ना?"

"मला काय पटायचंय. त्यांनी त्या दिवशी घरी आल्याबरोबर पहिलं मलाच सांगितलं होतं."

पंप चालूच होता. मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मी तो बंद केला.

"तुला माहीत होतं? आणि तू गप्प बसलीस? माझ्याकडे बायका यायच्या बंद झाल्या, ताई."

"तू दोन घास खाऊन संगमनेरला जातेस. मला ह्याच घरात राहायचंय." फेट्याची घडी घालत ती म्हणाली, "आणि तुझी शाळा काही बंद पडली नाही."

ती आत गेली. दुसऱ्या चाकात मी हवा किती भरली ते मला आठवत नाही. परतताना बाभळेश्वरच्या पुढं गाडी एका बाजूला झुकतेय असं वाटलं म्हणून थांबून पुन्हा मोजली.

शाळा आता बरी चालते. साखरपुड्याची हकिकत दाजींच्या हकिकतीपेक्षा लवकर पसरली. दाजी भेटले की अदबीनं बोलतात, मध्यंतरी ट्रकच्या टायरचं विचारायलाही आले होते. मी सांगितलं. त्यांच्यावर आता माझा राग नाही. तो त्या मैदानात संपला.

ताईचा फोन येतो. मी उचलते, पावसाचं बोलते आणि ठेवते. गेल्या दिवाळीत तिनं फराळाचा स्टीलचा डबा कुणाबरोबर तरी पाठवला. चकल्या, शंकरपाळे आणि मला आवडतात ते रव्याचे लाडू. मी तो शाळेतल्या बायकांपुढं ठेवला, त्यांनी संपवला. मग डबा घासला, पुसला आणि परत पाठवून दिला. डबा रिकामा परत करायचा नसतो, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, हे आम्हा दोघींना आईनंच शिकवलं होतं. मी तो रिकामाच पाठवला.