तिसऱ्या रांगेतली चिठ्ठी

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरल्यावर डोळ्यांत भरला तो जमिनीवरचा गालिचा. नजर जाईल तिथवर गालिचाच. आमची ही म्हणाली, "चपला काढायच्या का हो?" मी हसलो खरा, पण क्षणभर माझाही पाय अडखळला होता. बाहेर केतकी उभी होती. आमची एकुलती एक लेक, तिथल्या पाया लेबार भागात एका बँकेत नोकरीला. दोन वर्षांनी भेटत होती. वाळली होती आणि हसत होती.

आम्ही गेलो होतो ते तिच्या अल्बमसाठी. बँकेची नोकरी सांभाळून बाईसाहेबांनी एक बँड काढला होता, नाव 'बांबू पोल्स'. तिथल्या सरकारी घरांच्या इमारतींत खिडकीबाहेर बांबूवर कपडे वाळत घालतात, त्यावरून ठेवलेलं. मला ते परांचीच्या दुकानाचं नाव वाटलं आणि मी तसं बोललोही. माझ्या जिभेला हाड नाही असं ही म्हणते, ते काही खोटं नाही.

माझी थोडी ओळख करून देतो, कारण पुढे घोटाळा झाला तो त्यामुळेच. पोटासाठी मी नाशिकला सरकारी कचेरीत कारकुनी केली, पण खरा मी निवेदक. पंचवीस वर्षं आमच्या हौशी ऑर्केस्ट्राचं निवेदन केलं. आणि आता एक गुपित फोडतो. 'रसिकांची फर्माईश आली आहे' असं म्हणून आम्ही ज्या चिठ्ठ्या वाचायचो ना, त्यांतल्या निम्म्या आमच्याच असत. कार्यक्रम पडायला लागला की पडद्यामागे चिठ्ठी लिहायची, 'लोकाग्रहास्तव अमुक गाणे व्हावे', खाली 'एक रसिक', त्याखाली दोन रेघा. माझं अक्षर गावाला ओळखीचं झालं, तेव्हा मी सात वर्षांच्या केतकीला लिहायला बसवलं. पण उपयोग शून्य, तीही हुबेहूब माझ्यासारखंच लिहायची, दोन रेघांसकट. लिहून झालं की तबल्याच्या पेटीवर झोपून जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आम्हाला ईस्ट कोस्टला नेलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला झाडं आणि मधून सायकलवाले. पुढे हॉकर सेंटर (एका छपराखाली पन्नासेक खाण्याच्या टपऱ्या) लागलं. गर्दी तुडुंब. एक टेबल मोकळं दिसलं, त्यावर कागदी रुमालांचं पाकीट पडलेलं. मी बसलो, एक रुमाल काढून घाम पुसला आणि दुसरा हिला दिला. थोड्या वेळाने पाहतो तर हातांत ताटं घेऊन एक म्हातारं जोडपं शेजारी मुकाट्याने उभं. केतकी धावत आली. इथे जागा धरायला असं पाकीट ठेवतात, त्याला 'चोप' (जागा राखणे) म्हणतात. म्हणजे आपण एस्टीच्या सीटवर रुमाल टाकतो, तसंच. आपल्याकडे रुमालावर कोणी बसलं तर केवढं महाभारत होतं. ते आजोबा मात्र मलाच 'सॉरी' म्हणाले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दुसऱ्याच्या जागेवर बसायची ती पहिली वेळ.

संध्याकाळी त्यांची तालीम पाहायला गेलो. पाया लेबारजवळ गोदामांच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर भाड्याची खोली. तिथे बँडमधले दोघे भेटले. ड्रम वाजवणारा केल्विन, चिनी वंशाचा, शाळेत गणित शिकवतो. बास गिटारवाला हफीझ, मलय, इस्पितळात परिचारक. दोघेही अदबशीर. केल्विनने मला कोपऱ्यात नेऊन खिशातला कागद काढला. 'सकाळ' हा शब्द त्याला नीट म्हणायचा होता. मी जीभ उलटी करून दाखवली, त्याने वीस वेळा तरी केलं. मला वाटलं, केतकीच्या आईला 'शुभ सकाळ' म्हणून खूश करायचं असेल. विचारलंही नाही. मला बोलण्याची हौस, विचारायची नाही.

अल्बम बाहेर आल्यावरचा पहिला कार्यक्रम शुक्रवारी होता, जू चियाट भागात एका कॉफीच्या दुकानाच्या माडीवर. पंचवीसेक माणसं, सगळी उभी. निवेदक नाही, दीपप्रज्वलन नाही, पाहुण्यांची ओळख नाही. केतकी आली, गिटार लावली आणि गाऊ लागली. इंग्रजी, संथ, कुजबुजल्यासारखं. माणसं डोळे मिटून ढिम्म उभी. दोन गाण्यांच्या मध्ये ती परत गिटार लावायची आणि सगळे शांत थांबायचे. माझा जीव कासावीस झाला. ती जागा निवेदकाची असते हो. मी हिच्या कानाशी लागून सगळा वेळ बोलत होतो, इथे एखादा किस्सा हवा होता, इथे टाळ्या मागायला हव्या होत्या. पुढची एक मुलगी दोनदा वळून माझ्याकडे बघून गेली. शेवटी टाळ्या झाल्या, लोकांनी सीड्याही घेतल्या, पण मी मनात निकाल लावून टाकला होता. पोरीचा कार्यक्रम पडतो.

दुसरा कार्यक्रम रविवारी दुपारी, तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी संमेलनात. केतकीने स्वतःहून वेळ मागून घेतली होती. हॉल होता कम्युनिटी क्लबचा (वस्तीचं सार्वजनिक सभागृह) आणि सहाच्या ठोक्याला तो रिकामा करायचा होता. अडीचशे माणसं, पैठण्या, झब्बे, बटाटेवड्यांचा वास. आम्हाला तिसऱ्या रांगेत मानाच्या खुर्च्या. मी प्रवासाची टिपणं काढायला घेतलेली छोटी वही मांडीवर ठेवली होती.

चार गाणी झाली. मुलं खुर्च्यांमधून पळापळी करायला लागली. त्यांना दटावावं तर ती आईला इंग्रजीत उत्तरं देत होती. कोणी वड्यांचं विचारत होतं, कोणी फोन काढून बसलं होतं. माझ्या शेजारी पुण्याचे एक चार्टर्ड अकाउंटंट गृहस्थ होते. ते झुकून म्हणाले, "मुलगी तुमची? पण बँकेत आहे ना?"

"हो हो," मी म्हणालो, "हे आपलं हौस म्हणून."

बोलून गेलो आणि हिने माझ्याकडे पाहिलं. गृहस्थांनी पुन्हा विचारलं, हे असंच चालणार का शेवटपर्यंत? त्या वेळी मला माझ्या मुलीची लाज वाटली. गोडगोड करून सांगत नाही, लाजच वाटली. मी वहीतलं पान फाडलं आणि लिहिलं: 'लोकाग्रहास्तव सर्वांना ठाऊक असे एखादे जुने चित्रपटगीत व्हावे.' खाली 'एक रसिक'. दोन रेघाही ओढल्या, हात आपोआप गेला. पुढच्या रांगेत चिठ्ठी दिली. ती हातोहात रंगमंचावर पोचली.

केतकीने घडी उघडली. वाचायला दोन क्षण पुरले असते, पण ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग सरळ तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. मी वहीत तोंड घातलं.

"एका रसिकाची फर्माईश आली आहे," ती माइकवर म्हणाली.

आणि गायली. एकटी, गिटारवर, लहानपणापासून तोंडपाठ असलेलं गाणं. हॉल उसळला. लोक टाळ्यांनी ठेका धरायला लागले, 'वन्स मोअर' झाला, मग आणखी चिठ्ठ्या, आणखी सिनेमाची गाणी. केल्विन आणि हफीझ पाहुण्यांसारखे मागे उभे होते. साडेपाचला अध्यक्षांनी माइक घेऊन आभार मानले आणि सगळे वड्यांकडे वळले. शेजारचे गृहस्थ म्हणाले, आता मजा आली. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

सामान आवरताना मी केल्विनच्या पाठीवर थाप मारली. तो हसला, पण चेहरा उतरलेला होता.

"अंकल, लास्ट साँग नेव्हर प्ले, लाह," तो तिथल्या इंग्रजीत म्हणाला. "द मराठी वन. शी राइट फॉर टुडे. आय प्रॅक्टिस थ्री मंथ्स."

मग हलकेच त्याने मला म्हणून दाखवलं, "सकाळ." अगदी शुद्ध. मला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

घरी पोचल्यावर केतकीने स्वयंपाकघराचा दिवा लावला. पाणी पिऊन ग्लास विसळला आणि पाठमोरीच म्हणाली, "अक्षर बदललं नाही तुमचं."

"कार्यक्रम पडत होता गं," मी म्हणालो.

"पडू द्यायचा होता, बाबा. आमचा होता."

पुढचे तीन दिवस तिने आम्हाला काही कमी केलं नाही. लिटिल इंडियात नेलं, रात्रंदिवस उघडं असणारं दुकान दाखवलं, देवळात नेलं, हिला जास्वंदीच्या रंगाची साडी घेतली. रागावली असती तर बरं झालं असतं. मी दोनदा म्हटलं, ते गाणं आता म्हण ना. ती म्हणाली, असं घरात सोफ्यावर नाही होत ते. त्यांचा तिसरा कार्यक्रम शनिवारी होता आणि आमचं विमान गुरुवारी. आणखी तीन दिवस राहिलो असतो तर कोणी अडवणार नव्हतं. पण पुन्हा त्या तिघांसमोर उभं राहायचं धाडस माझ्यात नव्हतं. विमानतळावर तिने एक सीडी हातात दिली आणि वाकून नमस्कार केला. मला आशीर्वादसुद्धा धड देता आला नाही.

नाशिकला आल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी ऑर्केस्ट्रातली जुनी मंडळी जमली. अण्णा पेटीवाले, आणखी दोघं-तिघं. त्यांना काय सांगितलं असेल मी? सिंगापुरात हॉल भरला, पोरीला वन्स मोअर मिळाला. ही चहाचा ट्रे टेबलावर आपटून आत निघून गेली. अण्णा म्हणाले, मग ऐकव की. त्यांनीच सीडीची डबी उघडली आणि आतून माझ्या वहीचं घडी केलेलं पान खाली पडलं.

अण्णांनी ते उलगडलं. पंचवीस वर्षं अशा चिठ्ठ्या त्यांच्या पेटीवर पडत आल्या होत्या. एक बाजू वाचली, माझ्याकडे पाहिलं. पान उलटलं. मागच्या बाजूला तेच अक्षर, पण माझं नव्हे. त्यांनी ते मोठ्याने वाचलं: "निवेदकांना विनंती, शेवटचे गाणे मध्ये न बोलता ऐकावे. एक रसिक." खाली दोन रेघा.

अण्णांनी सीडी घातली आणि शेवटचं गाणं लावलं.

पडद्यामागे तबल्याच्या पेटीवर झोपलेली एक मुलगी. बाहेर तिचा बाप दुसऱ्यांच्या गाण्यांची नावं पुकारतोय. ती वाट पाहतेय. कार्यक्रम संपतो, तो तिला खांद्यावर टाकून घरी निघतो आणि ती झोपेतच म्हणते, "सकाळ कुठे झाली, बाबा, सकाळ कुठे झाली." त्या ओळीला मागून केल्विनचा आवाज साथ देतो. 'ळ' एकदाही चुकत नाही, म्हणजे हे गाणं आमच्या मुक्कामातच भरलेलं. ही केव्हा येऊन दारात उभी राहिली, कळलं नाही.

मुलगी चारचौघांत आपलं गाणं माझ्यासमोर ठेवायला आली होती आणि मी तिच्याकडे दुसऱ्याचं मागितलं. ही लाज आता माझी आहे. मुलीची वाटलेली लाज तासाभरात विरली होती. ही काही जाईना. ते पान मी वहीत होतं तिथे परत चिकटवलं आहे आणि हे सगळं त्याच वहीवरून लिहितो आहे.

गाणं संपलं तेव्हा सवयीने मी बोलायला तोंड उघडलं. अण्णांनी हात वर करून मला थांबवलं, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.