बोलपटातली विधवा आणि आमची आई

सावंतवाडी स्टेशनवर आईने माझ्या बॅगेत कोकमांची आणखी एक पिशवी कोंबली आणि म्हणाली, "थंय जावन रडत बसा नको. रडूचा तर हयच रडान घे." मी तिथेच रडून घेतलं. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मी तिला शिरोड्याच्या घरात एकटी सोडून जर्मनीला निघाले होते.

माझं काम म्हणजे जुन्या चित्रपटांचे खराब झालेले आवाज दुरुस्त करणं. "म्हणजे रेडियो रिपेरी?" असं थोरल्या काकांनी विचारलं होतं. हो काका, जवळपास तेच.

आई काही रडत बसली नाही. तिने पडवीत खाणावळ काढली. वस्तीची एसटी घेऊन येणारे ड्रायव्हर तिच्याकडे जेवत. त्यांतले आंबोलीचे मोहनराव, बायको वारलेले, निवृत्त झाल्यावरही येत राहिले. नुसत्या बांगड्याच्या तिकल्यासारख्या कालवणासाठी कुणी आख्खा घाट उतरत नाही, हे सगळ्या वाडीला कळलं, मला मात्र सर्वांत शेवटी. "लगीन करूचा म्हणतंय," आई फोनवर म्हणाली. मी ऑफिसात आनंदाने ओरडले.

अडले ते काका. आमच्याकडे कुणी घर सोडून निघालं की घरातला मोठा माणूस देवापुढे नारळ ठेवून त्याच्यासाठी गाऱ्हाणं घालतो आणि जमलेले सगळे "व्हय महाराजा" म्हणत त्याला दुजोरा देतात. तुम्ही गावात राहिलेल्यांनी ते कितीदा म्हटलं असेल, आणि आम्ही गेलेले सगळे त्याच्याच जोरावर गेलो. पण विधवा भावजय लग्न करून निघते म्हणून गाऱ्हाणं? "माका सांगा नको," काका म्हणाले. आईही हट्टाला पेटली. "माका पळान जावचा नाय. भावजींनी नारळ ठेवल्याशिवाय मी उंबरो ओलांडूचंय नाय." दोघांचं असं वर्षभर चाललं.

त्याच सुमाराला माझ्या टेबलावर एक मराठी बोलपट आला, अगदी सुरुवातीच्या काळातला. नावाची पाटी गळून गेलेली, त्यामुळे कुणाचा ते कळेना. किनाऱ्यावरच्या गावातली तरुण विधवा एका मास्तरांच्या प्रेमात पडते आणि नव्याने संसार मांडायला गाव सोडते. धक्क्यावर तिचा म्हातारा सासरा नारळ ठेवतो आणि चक्क मालवणीत गाऱ्हाणं घालतो! मग जमलेल्या लोकांची तोंडं हलतात, पण तेवढाच आवाज पार गेलेला. सहकारी म्हणाला, काहीतरी भरूया. मी म्हटलं, नाही, जे नाही ते नाही. ती जागा आम्ही गप्पच ठेवली.

सुट्टीत परवानगी घेऊन तो बोलपट मी गावी नेला. शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावला. काका पुढच्या खुर्चीत, आई मागे बायकांत. धक्क्याचा प्रसंग आला. पडद्यावरचा म्हातारा म्हणाला, "बा देवा महाराजा, ह्या लेकरू आज नवो संसार मांडूक चल्लाहा, तेका सुखात ठेव, रे महाराजा!"

आणि ती गप्प जागा आली.

"व्हय महाराजा!" आख्खा हॉल गरजला. कुणी ठरवलं नव्हतं. गाऱ्हाणं ऐकून गप्प बसणं आमच्या लोकांना जमतच नाही. सगळ्यांत मोठा आवाज काकांचा होता. मग काय म्हणून बसलो ते त्यांना उमगलं आणि ते कान खाजवत खाली बघू लागले. मागे कुणीतरी खुदकन हसलं. आई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या अंगणात येऊन उभे. आईला म्हणाले, "सुनीता, घरात नारळ आसा मा?"

आईची बोळवण झाली तेव्हा काकांनी गाऱ्हाण्यात तिला भावजय म्हटलंच नाही. "ह्या आमच्या घरातला चेडू," म्हणाले. चेडू म्हणजे घरची लेक. पुढे म्हणाले, "थंय सुखी रवांदे, आणि कधी वाटला तर परत येवांदे. ह्या घर तेचाच आसा, रे महाराजा." आम्ही सगळ्यांनी "व्हय" म्हटलं. आमच्या काकांचा आणि आमच्या वाडीचा मला त्या दिवशी वाटला तेवढा अभिमान आयुष्यात कशाचाच वाटलेला नाही.

आता आई आंबोलीच्या धुक्यात मोहनरावांच्या टपरीवर भजी तळते आणि त्यांना चहात साखर जास्त घालतात म्हणून ओरडते. शिरोड्याच्या घराची किल्ली काकांनी तिच्याकडून परत घेतलेली नाही. इथे जर्मनीत कुणी मला घर कुठे म्हणून विचारलं की मी दोन गावांची नावं सांगते. समोरच्याला वाटतं, हिचं घर मोडलेलं दिसतंय. मग मी त्याला बसवते आणि आमचं घर कसं वाढलं ते सांगते.