उजेड मळीचाच होता

मंडळी, आज दुपारी बारामतीच्या प्रयोगशाळेत माझं तीन वर्षांचं काम माझ्याच हातानं विझलं.

उसाच्या चिपाडापासून मी ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजन चिकटलेले कार्बनचे अतिपातळ पापुद्रे, बनवते. कार्बनचा अखंड पापुद्रा चमकत नाही. त्याला जागोजागी ऑक्सिजन चिकटला की त्यात कार्बनची बारीक बेटं उरतात. अतिनील दिव्याखाली त्या बेटांतले इलेक्ट्रॉन ऊर्जा घेतात आणि दिसणारा उजेड परत देतात. माझा सगळा प्रबंध याच उजेडावर उभा आहे.

सोमेश्वरनगरजवळ आमचं गुऱ्हाळ आहे. उकळत्या रसावरची मळी काढली की गूळ उजळतो, हे लहानपणापासून बघितलेलं. पापुद्रेही तसेच उजळतील म्हणून आज ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतले.

दिवा लावला. पापुद्रे काळेठिक्कर! आणि बाजूला ठेवलेलं धुवण मात्र निळसर चमकत होतं. म्हणजे उजेड पापुद्र्यांचा नव्हताच, त्यांना चिकटून बसलेल्या कचऱ्याचा होता. ती बेटंसुद्धा त्या कचऱ्यातच होती.

वडिलांना, आबांना, फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "आगं, मळीच चमकत व्हती, तर मग गूळ कुठं हाय?"

मी फोन ठेवला आणि कपाट उघडलं.

न धुतलेली एक बाटली अजून कपाटात आहे. उद्या माझ्या मार्गदर्शक सरांना ती दाखवली तर झकास चमकेल, कुणाला काही कळणारही नाही. तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा. मी मघापासून ती बाटली बाहेर काढतेय आणि परत आत ठेवतेय.