गार्गीचा पाय बरा आहे

गेल्या शनिवारी इथे चेन्नईत जिम्नॅस्टिक्सची राष्ट्रीय स्पर्धा होती आणि माईक माझ्या हातात होता. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी घासूनपुसून घेतलेले उच्चार या वयात असे कामाला येतात... बँकेचा स्पोर्ट्स डे असो की इथल्या मराठी मंडळाचा गणपती, निवेदनाला मीच.

त्या दिवशी जरा जास्तच हौसेने गेले होते, कारण आमची गार्गी खेळणार होती. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या फॅक्टरी क्वार्टर्समधली, सतरा वर्षांची, राज्यातली पहिल्या नंबरची. मंडळाच्या गणपतीत आरती संपायच्या आत मागच्या बाजूला कोलांट्या मारणारी ही पोर... तिला फ्रॉकमध्ये असल्यापासून पाहतेय मी.

या स्पर्धेतून परदेशी जाणारा संघ निवडणार होते. तिच्या बाबांनी क्वार्टर्समधून बस भरून माणसं आणली होती. गळ्यात हँडीकॅम अडकवून मला सांगून गेले, "वहिनी, आमचं नाव जरा जोरात घ्या हं!"

सरावाच्या उडीत ती व्हॉल्टच्या उंच टेबलावरून वर गेली आणि हवेतली गिरकी अर्धीच राहिली. पाठीवर आपटली. गादी जाड होती म्हणून निभावलं.

उठली, हाताला पावडर लावली, पुन्हा धावली... आणि स्प्रिंगबोर्डपाशी येऊन थांबली. परत मागे गेली. परत थांबली. गॅलरीतल्या आपल्या लोकांना वाटलं, अंदाज घेतेय. टाळ्या वाजवत होते बिचारे.

मग ती पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्या टेबलाशी आली आणि खुर्चीजवळ जमिनीवरच बसली.

"काकू, वर गेल्यावर जमीन कुठे आहे तेच कळत नाही मला."

"कधीपासून गं?"

"महिना झाला असेल. रोज वाटतं, आज कळेल..."

आमच्या शाळेत डोकं दुखो, पोट दुखो, सिस्टर हळूच म्हणायच्या, 'ऑफर इट अप, चाइल्ड.' देवाला वाहून टाक आणि उभी राहा. फार प्रेमळ होत्या, अजून आठवण येते त्यांची. तेच शब्द माझ्याही जिभेवर आले होते. पण या मुलीचे दात वाजत होते... मे महिन्यातल्या चेन्नईत.

"मास्टरना सांगून आलेय मी," ती म्हणाली. "नाही खेळणार."

तेवढ्यात तिचे मास्टर आलेच. सहाव्या वर्षापासून त्यांनीच शिकवलंय तिला. खाली बसले आणि तिच्या घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळायला लागले. धडधाकट घोट्याला! "मॅडम, अँकल इंजरी म्हणा," मला सांगितलं आणि तिला हळूच म्हणाले, "कोणी काही बोलणार नाही, मा."

मला त्यांचा राग नाही आला, हेही सांगते. पाय मोडलेल्या मुलीला शूर म्हणतात. भीती वाटते म्हणणाऱ्या मुलीचं नाव निवडीतून कायमचं गळतं. ते आपल्या परीने तिला वाचवतच होते.

बाबा धापा टाकत खाली आले. बँडेज पाहिलं आणि खरं सांगते, त्यांचा चेहरा हायसं वाटल्यासारखा झाला. "पाय ना? होईल गं बरा! दोन-तीन आठवड्यांत उभी राहशील."

"म्हणूनच नको, बाबा," गार्गी म्हणाली. "दोन-तीन आठवड्यांत पाय बरा होईल, मग तुम्ही मला परत वर पाठवाल. पाय बराच आहे माझा. मला भीती वाटते. मान मोडेल माझी."

पलीकडे कुणाचं तरी फ्लोअर एक्सरसाइजचं म्युझिक चालू होतं. पंच माझ्याकडे बघून खुणा करत होत्या, घ्या नाव, घ्या नाव...

"अगं पण एवढी बस भरून..." बाबा बोलता बोलता थांबले. गळ्यातला हँडीकॅम काढून माझ्या टेबलावर ठेवला. उकिडवे बसले आणि बँडेज सोडायला लागले.

"सार, वेण्डाम," मास्टर कळवळून म्हणाले, नका असं करू.

"परवाइल्लै, मास्टर." असू दे.

मी माईक सुरू केला. गार्गी आज स्पर्धेत उतरणार नाही, एवढंच इंग्रजीत सांगितलं आणि बटण बंद केलं. गॅलरीत कुजबुज सुरू झाली. क्वार्टर्समधल्या लोकांच्या बाकांवरून कुणीतरी तमिळमध्ये ओरडून विचारलं, पायाला लागलं का?

बाबा उभे राहिले. फॅक्टरीत मशीनच्या खडखडाटातही ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी तमिळमध्येच उत्तर दिलं, पाय ठीक आहे! घाबरलीय ती! आज नाही खेळणार!

सगळा हॉल वळून बघायला लागला. "बाबा, केवढ्यांदा!" गार्गी म्हणाली आणि त्यांच्या शर्टात तोंड खुपसून रडायला लागली.

परतीच्या बसमध्ये सगळेच काही गोड बोलले नाहीत म्हणे. दहा-अकरा वर्षांची मेहनत पाण्यात, असंही कुणी म्हणालं. मास्टर तिच्या बाबांशी अजून फारसे बोलत नाहीत. यादीत तिचं नाव राहील असं मलाही वाटत नाही.

रविवारी तिच्या आईचा फोन आला. पोर दुपारपर्यंत उठलीच नव्हती. आई मध्ये मध्ये दार उघडून बघून यायची. मग बाबा बघायला गेले, ते तिथेच खुर्ची घेऊन बसले.

संध्याकाळी मी चर्चमध्ये जाऊन एक मेणबत्ती लावून आले. शाळेपासूनची सवय आहे, घरचे हसतात. या वेळी मागायचं काही नव्हतं... पोरगी घरी आली, आपल्या अंथरुणात झोपली, त्याबद्दल थँक यू म्हणायचं होतं.