कमळामावशीची बोटं

माझी आई सुगंधाबाई टसर रेशमाच्या कोशांचा धागा काढायची. आरमोरीजवळच्या आमच्या गावात तेव्हा बऱ्याच घरी हे काम चाले. उकडलेल्या कोशांचा तो कुबट वास आता कुठेच येत नाही, आणि मला त्याची आठवण येते. आई आणि तिची मोठी बहीण कमळा अंगणात समोरासमोर बसत. चार-पाच कोशांची टोकं चिमटीत धरून मांडीवर तळहातानं पीळ देत. कमळामावशीचा धागा इतका एकसारखा यायचा, की विणकर तो वेगळा ठेवून घेत.

मी शाळेत असतानाच मावशीची बोटं सुजू लागली. लोक वात म्हणाले, तेल लावलं, पाला बांधला. दवाखान्यात नेलं तेव्हा बोटं करंगळीकडे झुकून गेली होती. मग मावशी नुसती बसून राहायची, आई धागा काढता काढता तिला घास भरवायची.

मी नागपूरला परिचारिकेचं शिकत होते तेव्हा आई म्हणाली, "उर्वशी, सकायी सकायी मुठी मिटत नाई व." मी तिला तिकडच्या डॉक्टरांकडे नेलं. सांधे सुजलेले नव्हते, पण रक्तात मावशीला झालेल्या सांध्यांच्या आजाराची खूण होती. डॉक्टरबाईंनी औषध लगेच दिलं नाही, तपासणीला येत राहा म्हणाल्या. त्यांचं एक संशोधन चालू होतं. त्यासाठी प्रत्येकाच्याच जांघेत असणाऱ्या गाठीचा बारीक तुकडा सुईनं घ्यायचा होता.

"दुखते हाताले, मंग सुई जांघेत काऊन?" आईनं विचारलं.

"रोगाशी लढणारे शरीराचे शिपाई अशा गाठींमध्ये आपलं कोण, परकं कोण ते शिकतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गाठीतल्या काही पेशी त्यांना आवर घालतात. त्या ढिल्या पडल्या, तर शिपाई आपल्याच सांध्यांवर धावून जात असतील, असं आम्हाला वाटतं. सांधे सुजायच्या आधी तिथं काय घडतं ते पाहायचंय. तुम्हाला यातून फायदा होईलच असं मात्र नाही."

आईनं आपली बोटं एकदा मिटून पाहिली. मग म्हणाली, "माह्या कमळाबाईचं वेळेवर कोनी पाह्यलंच नाई. घ्या तुमी."

सुई टोचताना तिनं माझा हात घट्ट धरला होता. गावी परतल्यावर मावशीनं तिला जवळ बसवून विचारलं, "लय दुखलं का व?"

"नाई बाई, मुंगी चावल्यावानी," आई म्हणाली. दुखलं होतं, मला माहीत होतं.

पुढच्या एका हिवाळ्यात आईची मनगटं सुजलीच. पण तपासण्या चालू असल्यानं ते लगेच कळलं आणि गोळ्या सुरू झाल्या. मावशीनं ते पाहिलं. आईची बोटं हातात घेऊन ती एकेक निरखायची, सरळ आहेत म्हणून पुन्हा पुन्हा खूश व्हायची. तीन पावसाळ्यांपूर्वी ती गेली.

आई आता मोजकंच काम करते. धाग्याला पूर्वीसारखा पीळ बसत नाही, ते तिला सलतं. पण भाकर स्वतः थापते, आपली वेणी आपण घालते. तपासणीला गेलो की डॉक्टरबाईंना आधी विचारते, "त्या गाठीचं काई समजलं का?"

"थोडं समजलंय. अजून बरंच बाकी आहे."

"मंग लागलं त अजून घ्या," आई म्हणते, आणि पायऱ्या उतरताना मावशीच्या धाग्याबद्दल बोलत राहते.